वाऱ्याची लेक

"घरात पोटुशी बाई हाय, आन् तू ही लुळी-थोटी पलटण मांडून बसलीस व्हय गं!"

असं म्हणत इरम्माआत्यांनी शांताक्काच्या पुढ्यातलं सूप उचललं आणि अंगणात सगळंच्या सगळं पालथं केलं... बाहुल्या फरशीवर खडाखड आपटल्या. एकीचं मुंडकं घरंगळत पार दावणीपर्यंत गेलं. चिंचोक्याच्या खळीची वाटी सांडली, सोनेरी-निळ्या बेगडाचे कपटे अंगणभर भिरभिरले, आणि शांताक्का हातातला कुंचला तसाच धरून बसल्या जागी थिजून गेली.

ती आत्याकडे बघतच नव्हती. तिची नजर उंबऱ्यात उभ्या असलेल्या भावजयीकडे लागली होती. उमाबाईचा एक हात चौकटीवर होता, दुसरा पोटावर. ती काहीतरी बोलेल... निदान 'असू द्या हो आत्या' एवढं तरी म्हणेल... पण उमाबाईनं खाली मान घातली आणि ती आत निघून गेली!

मुरूमच्या पेठेत महालिंगप्पांचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानामागंच त्यांचं माळवदाचं, सपाट धाब्याचं घर. शांताक्का त्यांची थोरली लेक. आई गेली तेव्हा धाकटा सिद्धलिंग रांगत होता. त्याला तिनंच कडेवर वाढवला, तिनंच त्याला शाळेत घातला, आणि पुढं विधवा होऊन माहेरी परतल्यावर त्याचं लग्नही तिनंच उभं राहून लावलं. इरम्माआत्या म्हणजे महालिंगप्पांची थोरली बहीण. घरात शब्द चालायचा तो त्यांचा. आणि उमाबाईची कूस दोनदा भरून दोनदा रिकामी झाली होती, त्यामुळं या खेपेला सगळं घर श्वास रोखून होतं.

संध्याकाळी सिद्धलिंग बहिणीजवळ येऊन बसला.

"अक्का... बाळंतपण होऊस्तोवर तेवढं... तुझ्या पाया पडतो."

"पाया कशाला पडतोस, बाळा? ठिवते की बांधून," शांताक्का म्हणाली. तिनं अंगणातला एकेक तुकडा वेचून गाठोड्यात बांधला.

पण ते गाठोडं म्हणजे काही नुसता चाळा नव्हता! रझाकारांच्या धामधुमीत ती आणि तिचा नवरा वीरप्पा सरहद्द ओलांडून सोलापूरकडच्या छावणीत पळाले होते. तिथंच तापानं वीरप्पा गेला. पांढऱ्या कपाळानं ती मुरूमला परतली तेव्हा निजामाचं राज्य संपलं होतं, लोक गुलाल उधळत होते... आणि त्याच गर्दीतल्या काहींनी गरीब दादामियाँचं खेळण्यांचं दुकान फोडून रस्त्यावर उधळून दिलं होतं. ज्या माणसानं आयुष्यात पिपाणी आणि भिंगरीखेरीज काही विकलं नाही, त्याच्यावर सूड! महालिंगप्पांनी दादामियाँला आणि त्याच्या बायकोला, अजीजाबीला, आपल्या कापडाच्या कोठारात लपवून ठेवलं म्हणून दोन जीव वाचले. पण चहूकडं शांत झाल्यावर दादामियाँ बाहेर आला, तो तुडवलेल्या बाहुल्यांच्या ढिगापुढं नुसता उभाच राहिला.

"बेटी, चुलीत घाल ह्या," तो म्हणाला होता. "ह्यांचं आता काय व्हनार?"

शांताक्कानं त्या पदरात भरून आणल्या. रात्रंदिवस जळणाऱ्या तिच्या मनाला तेव्हा काहीतरी हवंच होतं. एका बाहुलीचा तुटलेला हात पुन्हा जोडायचा तिनं प्रयत्न केला, पण तो काही जुळेना. मग एक दिवस तिला वाटलं, हिला हात नसतीलच तर? त्या थोट्या लाकडी बाहुलीच्या खांद्यांना तिनं बेगडाचे पंख लावले, आणि ती ढगांत राहणारी परी झाली. कंबरेखाली फुटलेल्या मातीच्या बाहुलीला कागदाच्या लगद्याची शेपूट आली, शेपटीवर टिकल्यांचे खवले आले, आणि ती तळ्याच्या बुडाशी राज्य करणारी जलकन्या झाली. एकीच्या चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत तडा गेला होता. शांताक्कानं तो बुजवला नाही, सोनेरी बेगडानं भरला. ती विजेची राणी! जत्रेत पोरं नव्याकोऱ्या बाहुल्या सोडून विजेच्या राणीसाठी रडू लागली. दादामियाँ पुन्हा उभा राहिला. आणि शांताक्काला पहिल्यांदा शांत झोप लागली.

ते सगळं आता गाठोड्यात बंद झालं.

दिवस जाऊ लागले. पण हात काही स्वस्थ बसेनात! भाकरी थापताना, वाती वळताना, ताक घुसळताना बोटं आपली काहीतरी शोधत राहत. एक बाहुली तर तिच्या मनातून जातच नव्हती... कचकड्याची, विलायती, निळ्या डोळ्यांची. उन्हात की आगीजवळ राहिल्यानं तिचा डावा पाय वितळून आत वळला होता. ती कोण असेल, ते शांताक्काला अजून सुचलं नव्हतं, आणि सुचलं नव्हतं म्हणूनच चैन पडत नव्हतं. शेवटी न राहवून एका दुपारी, सगळे निजलेले असताना, तिनं ती बाहुली पदराखाली धरली आणि मिरच्या राखायच्या निमित्तानं ती माळवदावर चढली. भावाला दिलेला शब्द मोडतोय, हे तिला कळत होतं. कळत होतं, तरीही ती रोज चढू लागली.

आणि एका दुपारी शिडीच्या टोकाशी उमाबाईचं डोकं दिसलं!

"अगं बाई, या दिवसांत शिडी चढलीस? येडी का काय तू!"

"बघू द्या ना, अक्का." उमाबाई धापा टाकत तिच्याजवळ येऊन टेकली. "मला ठावं हाय, तुम्ही इथं काय करता ते. त्या दिवशी म्या काय बोलले न्हाय... आत्यांपुढं माझं तोंडच उघडत न्हाय बघा. रागावलात?"

तिनं ती बाहुली हातात घेतली, वळलेल्या पायावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ही कोण हो?"

"अजून कळलं न्हाय."

"म्हंजी? तुम्हालाच न्हाय कळलं?" उमाबाई खुदकन हसली. कित्येक महिन्यांत ती हसली नव्हती. त्या दोघी नणंद-भावजया क्षणभर, अगदी क्षणभरच, लहान पोरी झाल्या...

तेवढ्यात खालून आत्यांची हाक आली. "उमा! कुठं गेली गं ही?"

उमाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. ती लगबगीनं उतरू लागली. शांताक्का "सावकाश, सावकाश" म्हणेपर्यंत खालच्या पायरीवरून तिचा पाय निसटला आणि ती कुशीवर पडली. फार उंचावरून नव्हे, पण पडली. शांताक्का धावत खाली आली. उमाबाईनं तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

"कुणाला बोलू नका, अक्का! आत्यांनी आळंदची पोरगी बघून ठिवलीय ह्यांच्यासाठी... हे पोर न्हाय राहिलं तर मला माहेरी धाडतील. तुम्हाला माझ्या बाळाची शपथ हाय!"

"न्हाय बोलणार," शांताक्का म्हणाली. "मरूस्तोवर न्हाय बोलणार."

पोर राहिलं. मुलगी झाली, टपोऱ्या डोळ्यांची, काळ्याभोर जावळाची. पण तिला पुसून पुढं धरता धरता सुईण एकाएकी थबकली. तान्हीचं डावं पाऊल आतल्या बाजूला पार वळलेलं होतं.

पाचवीच्या दिवशी आत्या मिरच्या आणायला माळवदावर गेल्या. उतरल्या तेव्हा त्यांच्या हातात कचकड्याची बाहुली होती.

सगळं घर माजघरात जमलं होतं. आत्यांनी तान्हीच्या अंगावरचं दुपटं बाजूला केलं आणि त्या चिमुकल्या पावलाशेजारी बाहुलीचा पाय धरला. तसाच! अगदी तसाच वळलेला...

"बघ, सिद्धलिंगा, बघ! तुझ्या बहिणीची करणी! आपला संसार उजाड झाला, तर भावाचा सुखाचा कसा बघवंल?"

सिद्धलिंग पुढं आला. "अक्का, तू शब्द दिला होतास... एकच गोष्ट मागितली होती गं तुला!"

शांताक्काला वाटलं, भूमी दुभंगावी आणि आपण तिच्या पोटात गडप व्हावं. जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं... शिडी, निसटलेला पाय, कुशीवर पडलेली उमा. एक वाक्य, आणि हा डाग पुसला असता! तिनं बाजेवरच्या उमाबाईकडे पाहिलं. उमाबाईनं डोळे गच्च मिटून घेतले होते, आणि मिटल्या पापण्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. आपण बोललो, तर उद्या या घरात आळंदची पोरगी येईल. या कोवळ्या पोरीची आई दाराबाहेर उभी राहील... आणि कुणास ठाऊक, आत्या म्हणतात तेच खरं असलं तर? आपल्याच हातांनी हे केलं असलं तर?

"व्हय," शांताक्का म्हणाली. "माझ्याच बाहुलीची सावली पडली. म्याच शब्द मोडला."

आत्यांनी ती बाहुली चुलीत टाकली. कचकडं भपकन पेटलं, एक उंच निळी ज्वाळा उठली आणि क्षणात काहीच उरलं नाही. महालिंगप्पा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. त्याच दिवशी गाडी जुंपली गेली आणि शांताक्का अणदूरला तिच्या आईच्या भावाकडे, गुंडाप्पामामांकडे, निघाली. निघताना तिनं तान्हीला एकदा जवळ मागितली. कुणी दिली नाही.

गुंडाप्पामामा एकटेच होते, भल्या स्वभावाचे आणि कमी बोलणारे. त्यांनी काही विचारलं नाही. शांताक्कानं काही सांगितलं नाही. ती त्यांचं रांधायची, शेतात भाकरी पोचवायची, खंडोबाच्या देवळात जाऊन बसायची आणि कपाळाला भंडारा लावून परतायची. पण मनाला कसली ती स्वस्थता नव्हती! बसली की उठावंसं वाटे, उठली की कुठं जावं ते कळेना. कणीक मळताना बोटं नकळत गोळ्याला नाक काढत, डोळ्यांच्या खाचा पाडत... आणि मग ती दचकून तो गोळा चुरगाळून टाकी. ह्याच हातांनी! ह्याच पापी हातांनी!

मार्गशीर्षात अणदूरची जत्रा भरली आणि पिवळ्याधमक गर्दीतून वाट काढत दादामियाँ दारात येऊन उभा राहिला. दाढी पांढरी झाली होती. त्यानं खांद्यावरचं पोतं ओसरीवर रिकामं केलं. मोडक्या बाहुल्यांचा ढीग!

"उचला, दादामियाँ. म्या हात लावणार न्हाय."

"बेटी, पोरं इचारतेत मला, विजेची राणी कुठं गेली म्हणून. म्या काय जवाब देऊ?" तो खाली बसला. "मला सगळं कळलंय, पेठेत बोलतेत लोकं. ह्या बाहुल्यांनी पोरीचा पाय वळला म्हंतेत! अगं, माझं घर ह्याच बाहुल्यांनी सावरलं की. माझ्या घरात न्हाय पडली कसली सावली."

तो गेला, पण पोतं नेलं नाही. आणि काही दिवसांनी, जीव अगदीच कासावीस झाला तेव्हा, शांताक्कानं खळ शिजवली.

पुन्हा पऱ्या झाल्या, जलकन्या झाल्या. एका डोळ्याची बाहुली नागलोकीची पहारेकरीण झाली. मुंडकं हरवलेल्या एकीला तिनं पोपटाची चोच आणि डोकं बसवलं, ती शापित राजकन्या झाली. पण पाय मोडलेली बाहुली हाती आली की तिचा श्वास अडकायचा. ती तिला हलकेच उचलून कोपऱ्यातल्या डालग्यात ठेवी आणि वर फडकं टाकी. वर्षं गेली. हैदराबादचं राज्य मोडून जिल्हा मुंबईकडं गेला, रस्त्यानं यष्ट्या धावू लागल्या, आणि ते डालगं हळूहळू भरत गेलं.

दादामियाँकडून मुरूमच्या बातम्या येत. मुलीचं नाव नीलव्वा ठेवलं होतं; नीला म्हणत. "परसातच ठिवतेत तिला," तो एकदा म्हणाला. "पोरांनी चिडवलं, तवापासनं दाराबाहेर काढलीच न्हाय. आत्याबाई म्हंतेत, धाकट्याच्या सोयरिकीला आड येईल." मागून उमाबाईला मुलगाही झाला होता, धडधाकट. नीलाला असं कोंडल्याचं ऐकलं, त्या दिवशी शांताक्का जेवली नाही. मुरूमला जाणारी यष्टी यायच्या वेळेला ती रस्त्यापर्यंत गेली, गाडी थांबली, कंडक्टरनं "चढायचंय का बाई?" म्हणून विचारलं... आणि ती मागं फिरली. असं ती कितीदा गेली आणि कितीदा फिरली, ते तिचं तिलाच माहीत!

आणि एक दिवस तीच यष्टी सोलापूरकडून आली आणि तिच्यातून ती तिघं उतरली.

शांताक्का ओसरीवर परीच्या पंखाला डिंक लावत होती. तिनं मान वर केली. अंगणात सिद्धलिंग उभा होता, कानशिलांवर पांढरे केस आलेला. त्याच्या मागं उमाबाई, वाळून काटकी झालेली. आणि तिचा पदर धरून, पायघोळ परकरातली, टपोऱ्या डोळ्यांची एक पोर. ती एक पाऊल पुढं आली, तेव्हा तिचा खांदा थोडा झुकला आणि पुन्हा वर आला.

शांताक्काच्या हातातून पंख गळून पडला.

उमाबाई धावत आली आणि तिच्या पायांवर कोसळली. "अक्का! मला मारा, मला तुडवा... पण एकदा ऐका!"

"उमा, अगं हे काय? गाडीत बसल्यापासनं नुसती रडतीस, इथं मधीच उतरवलंस..." सिद्धलिंग गोंधळून म्हणाला.

"सांगते. तुमच्या म्होरंच सांगते." तिनं डोळे पुसले, पण ते पुन्हा भरले. "ही पोटात असताना म्या शिडीवरून पडले होते. अक्कांच्या बाहुल्या बघायला म्याच चढले होते, चोरून. अक्कांना म्या शपथ घातली. आन् पाचवीला आत्या त्यांना बोलत होत्या, तवा म्या डोळे मिटून पडून राहिले! इतकी वर्सं म्या तुम्हाला शिव्या दिल्या, अक्का. मनातल्या मनात रोज दिल्या. तुमचाच दोष हाय असं म्हटल्याबिगर मला झोपच लागत नव्हती!"

सिद्धलिंग भिंतीला धरून खाली बसला. "अक्का... खरं हाय हे?"

शांताक्कानं मान डोलावली.

"आन् हिचा पाय लई दुखाया लागला म्हणून आज सोलापूरला न्हेली, तर डॉक्टरांनी सांगितलं..." उमाबाईचा आवाज चिरकला. "म्या त्यांना इचारलं, पडल्यानं झालं का? ते म्हणाले, न्हाय. पडल्यानं न्हाय, कुणाच्या सावलीनं न्हाय, कुणाच्याच चुकीनं न्हाय. कैक लेकरांचं पाऊल पोटातच तसं वळतं म्हणाले. आन् मग मलाच इचारलं, तान्ही असताना का आणली न्हाय? पट्ट्या बांधून पुष्कळ सरळ झालं असतं! आता नुसता बूट करून देणार. म्या काय सांगू त्यांना, अक्का? काय सांगू?"

शांताक्काच्या अंतःकरणात काहीतरी कडकडून तुटलं. घरात दोष सापडला होता, म्हणून औषध कुणी शोधलंच नव्हतं! आपण जो त्याग त्याग म्हणून उरी बाळगला, जो डाग हसत कपाळी लावून घेतला, त्याच मौनानं या लेकराची ती कोवळी वर्षं खाल्ली... आणि आपले हात? हे निरपराध हात? कितीदा वाटलं होतं, चुलीत घालावेत!

तिचा सारा जीव पेटून उठला.

"उठ, उमा," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "माझ्या पायाला हात लावू नगंस. म्या तुझ्यासाठी तोंड शिवलं, आन् तू एकदा, एकदा तरी दादामियाँच्या हाती निरोप धाडायचास! 'अक्का, तुमचा दोष न्हाय' एवढाच! आन् तू, सिद्धलिंगा? तुला म्या कडेवर वाढवला रे. तुला खरं वाटलं, तुझी अक्का तुझ्या लेकराचं वाईट करंल म्हणून?"

सिद्धलिंगनं ओंजळीत तोंड लपवलं. शांताक्का ताडकन आत गेली आणि तिनं दार लावून आतून कडी घातली.

अंधाऱ्या खोलीत ती दाराला पाठ लावून उभी राहिली. बाहेर उमाबाईचे हुंदके ऐकू येत होते. मग तेही थांबले. बराच वेळ गेला. मग ओसरीच्या कोपऱ्यातून एक बारीकसा आवाज येऊ लागला. डालग्यावरचं फडकं कुणीतरी ओढलं होतं.

"अय्या, किती जणी हायसा गं तुम्ही! तुमाला बी परसात ठिवलंय व्हय?"

शांताक्कानं दाराला कान लावला.

"रडू नगा. तू इकडं बस. तुझा पाय तिरका हाय? माझा बी हाय, हे बघ... तू कोण, सांगू का? तू वाऱ्याची लेक हायस. वारा कुठं सरळ चालतो? आमच्या परसात येतो ना, असा गिरक्या घेत येतो, असा! म्हणून तुझा पाय वळलाय. सरळ पायाच्या पोरींना न्हाय येत गिरकी..."

फरशीवर एक हलका, झुकता पदरव उमटला. एक गिरकी... मग दुसरी... मग खुदकन हसू!

किती वर्षं शांताक्का एका बाहुलीपुढं अडून बसली होती! ही कोण, ते तिला सुचलंच नव्हतं. आणि जिला सगळ्यांनी दडवून ठेवलं, त्या पोरीला एका क्षणात सुचलं. शांताक्काचे डोळे घळाघळा वाहू लागले. तिनं कडी काढली.

नीला ओसरीच्या मधोमध उभी होती, दोन्ही हातांत दोन बाहुल्या घेऊन. दार उघडताच ती भेदरली आणि बाहुल्या तिनं पाठीमागं लपवल्या.

"म्या घेतल्या न्हाईत... नुसत्या बघत हुते."

"घे की गं, माझे आई... सगळ्या घे!" शांताक्का गुडघ्यांवर बसली आणि तिनं पोरीला छातीशी कवटाळलं. पाचवीच्या दिवशी मागितलेली ती मिठी आज मिळाली होती! "तुला वाऱ्याच्या लेकीला पोशाख कसला करायचा, ते सांग मला. तू सांगशील तसा करू."

उमाबाई पुढं यायला न धजावता दूरच उभी होती. शेवटी ती कशीबशी म्हणाली, "अक्का, हिच्या पायाला बी... बाहुलीला करता तसं काहीतरी... तुमच्या हातात जादू हाय..."

"उमा!" शांताक्काचा आवाज कडक झाला, पण त्यात आता आग नव्हती. "बाहुल्या मोडलेल्या असतेत, म्हणून म्या त्यांना हात लावते. पोरगी काय मोडलेली हाय? ती धड हाय. नुसती परसात कोंडलेली हाय!"

मग तिनं एक हात लांब केला, आणि उमाबाई लहान पोरीसारखी तिच्या कुशीत येऊन पडली.

"घरी चल, अक्का," सिद्धलिंग म्हणाला. "मला माफ कर असं म्हणायला तोंड न्हाय माझं. पण चल."

"येते. पण एका अटीवर. ही पोर पुढच्या दारानं येईल आन् पुढच्या दारानं जाईल. शाळंत जाईल. कबूल असंल तर गाडीत बसते, न्हायतर हितंच बरी हाय."

मुरूमच्या घरात इरम्माआत्यांनी आकाशपाताळ एक केलं. "म्या घराचंच भलं बघितलं! पोर अशी रस्त्यानं हिंडली तर चार लोकं काय म्हंतील? उद्या हिच्या भावाला पोरगी कोण देईल?" त्या काही वितळल्या नाहीत, पुढंही कधी पुरत्या वितळल्या नाहीत. पण या खेपेला भिंतीला टेकलेले महालिंगप्पा काठी टेकत उठले.

"इरम्मा, पुरे." एवढंच बोलून ते लेकीपुढं येऊन उभे राहिले. "शांता, त्या दिवशी तू निघालीस, तवा म्या मान वर केली न्हाय. आज करावीशी वाटती, तर करवत न्हाय गं..."

"अप्पा!" शांताक्कानं त्यांचे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले.

शाळा सुरू व्हायच्या दिवशी उमाबाईनं नीलाची वेणी घट्ट घातली. सोलापूरहून आलेला बूट नीलानं स्वतःच बांधला. तो जड होता आणि पहिल्या पावलालाच दगडावर खटकन वाजला. पेठेतले दुकानदार बघू लागले. समोरच्या ओट्यावरच्या बायका कुजबुजल्या. कुण्या पोरानं तिच्या चालण्याची नक्कल केली.

शांताक्काच्या जिवाचं पाणी पाणी झालं. धावत जावं, पोरीला कडेवर उचलावं आणि शाळेच्या दारात नेऊन सोडावं... तिचं एक पाऊल उंबऱ्याबाहेर पडलंसुद्धा!

पण उमाबाईनं तिचं मनगट धरलं. चारचौघांत कधी तोंड न उघडलेली उमाबाई आज पेठेकडं ताठ मानेनं बघत होती. तिच्या गालांवरून धारा लागल्या होत्या, पण आवाज स्थिर होता.

"असू द्या, अक्का. तिची ती जाईल."

नीला थांबली. तिनं नक्कल करणाऱ्या पोराकडे नीट पाहिलं. "तुझं चुकतंय," ती त्याला म्हणाली, "खांदा आधी खाली घ्यायचा असतो." आणि दप्तर सावरून ती पुढं चालू लागली. पोरगा ओशाळून हसला आणि तिच्या मागोमाग शाळेच्या वाटेला लागला.

दोघी जणी उंबऱ्यात उभ्या होत्या. वळणापर्यंत पोर दिसत राहिली, मग नुसता बुटाचा आवाज येत राहिला, मग तोही पेठेच्या गलक्यात मिसळून गेला... उमाबाईनं अजून मनगट सोडलं नव्हतं. आणि शांताक्कालाही ते सोडवून घ्यावंसं वाटलं नाही.